गृहयंत्रविचार : मोटारींतील पाणी जातें कोठें?

एकत्र कुटुंबांत मोटार एक आणि ती चालविणारे चार, असा प्रकार आतां पुष्कळ घरीं दिसतो. एखाद्या दिवशीं इंजिनांतील कूलंट कमी झाल्याचा दिवा लागतो. चालविणारा टाकींत तांब्याभर पाणी ओततो, दिवा मालवतो आणि गोष्ट तेथेंच राहते. आठ दिवसांनीं दुसरा कोणी तेंच करितो. या प्रघाताविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पेट्रोल हें खर्चावयाचें द्रव्य. कूलंट तसें नव्हे. तें बंद मार्गानें फिरतें, इंजिनाची उष्णता घेतें, रेडिएटरमध्यें ती वाऱ्यास देतें व परत येतें. तें वरचेवर उतरत असेल, तर रबरी नळी, पंप, रेडिएटर किंवा इंजिनाच्या माथ्याखालील गॅस्केट, यांपैकीं कोठेंतरी गळती आहे असें समजावें. पाणी ओतल्यानें दिवा विझतो. गळती थांबत नाहीं.

दिवा लागतांच गाडी सुरक्षित जागीं उभी करून इंजिन बंद करावें. उष्णतेचा कांटा खालीं आहे, एवढ्यावर निर्धास्त राहूं नये. पाणी फारच उतरलें म्हणजे उष्णता मोजणारें यंत्र कोरडें पडून खोटी साक्ष देऊं शकतें. तापलेल्या इंजिनाचें झांकण मात्र कदापि उघडूं नये. साधें पाणी १०० अंशांस उकळतें. निम्में कूलंट मिसळलेलें पाणी दाबाखालीं १२० अंशांपुढेंही उकळत नाहीं. झांकण सैल होतांच दाब जातो आणि तेंच पाणी वाफेसह हातातोंडावर उसळतें. इंजिन पूर्ण निवूं द्यावें, मग टाकीवरील दोन खुणांच्या मध्यें येईल इतकें भरावें. गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलेंच कूलंट घ्यावें. अडचणीच्या वेळीं स्वच्छ पाणी चालेल, पण पुढें मिश्रण नीट करवून घ्यावें.

गृहिणींसही एक विनंती आहे. बहुतेक कूलंटमध्यें इथिलीन ग्लायकॉल असतें. तें चवीस गोडसर, पण विषारी आहे. उरलेलें कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत कधींही भरूं नये. सांडलेलें तत्काळ धुवून काढावें. मुलाच्या पोटांत थोडें गेल्याचा संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहतां इस्पितळ गांठावें.

उपाय सोपा आहे. गाडींत एक लहान वही ठेवावी. ज्यानें पाणी घातलें, त्यानें तारीख, किलोमीटर व माप लिहावें. महिन्यांत दोन नोंदी दिसल्या कीं मेकॅनिककडून दाब देऊन गळती तपासून घ्यावी. नळी बदलण्याचा खर्च थोडा असतो. तापून वांकलेल्या इंजिनाचा फार. ज्या घरीं दुधाचा हिशेब रोज लिहिला जातो, त्या घरास ही आणखी एक वही जड वाटूं नये.