सुट्टी पंचेचाळीस अंशांतली

उन्हाळी शिबिरांची पत्रकं हल्ली पेपरातून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच घरात येऊन पडतात. मागे आमच्या कॉलनीत आलेल्या एका पत्रकावर दहा दिवसांची फी अडीच हजार होती. त्यात ड्रॉइंग, डान्स आणि 'व्यक्तिमत्त्व विकास'. दोन मुलं असतील तर पाच हजार. एवढ्यात घरचा वर्षाचा गहू-तांदूळ निम्मा तरी भरून होतो, असा हिशेब माझ्यासारखीच्या मनात आपोआप सुरू होतो. पण मैत्रिणींनो, मला वाटतं, खानदेशात सुट्टीची खरी अडचण पैशाची नाहीच. अडचण आहे वेळेची आणि सावलीची.

थोडं मागे जाऊन बघा. २०२५ साली राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा एकाच वेळापत्रकानं २५ एप्रिलपर्यंत चालल्या. आखाजी आली ३० एप्रिलला आणि निकाल १ मेला. आता लेकरांची परीक्षा आणि निकाल सोडून माहेरवाशिणीनं आखाजीला जायचं कधी, राहायचं किती? त्यात शाळा उघडल्या १६ जूनला. विदर्भात मात्र २३ जूनला, कारण काय तर तिकडे ऊन जास्त! आमच्या भुसावळचं ऊन काय नागपूरच्या उन्हाला हार जातं का? जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो हे शाळकरी पोरही सांगेल. पण आपण पडलो नाशिक विभागात, म्हणून वेळापत्रक नाशिकच्या हवेचं. २०२४ च्या मे अखेरीस तर उन्हापायी जळगाव जिल्ह्यात चक्क १४४ कलम लावावं लागलं होतं. भर दुपारी उघड्यावर कामं करून घेऊ नका, क्लासेसच्या वेळा बदला, असं प्रशासनानंच सांगितलं. दंगल नाही, मोर्चा नाही, नुसतं ऊन.

म्हणजे दिवसातले मधले आठ-नऊ तास मुलांच्या हातून गेले. उरली सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतरची वेळ. स्वस्त आणि मस्त जे काही करायचं ते या दोन तुकड्यांत बसवावं लागतं. दुपारी बारा वाजता मुलांना घेऊन 'पिकनिक'ला निघणारी कुटुंबं पाहिली की मला धडकीच भरते.

पहाटेच्या तुकड्यात काय काय बसतं बघा. धुळ्याच्या बायांना लळिंगचा किल्ला हाकेच्या अंतरावर आहे, मुंबई-आग्रा रस्त्यावर. उजाडता उजाडता पायथ्याशी पोहोचायचं, चढायचं, वर बसून घरून नेलेली चटणी-भाकरी खायची आणि ऊन तापायच्या आत खाली. जळगावला मेहरूण तलावाची फेरी आहे. सायकल असेल तर आसोद्यापर्यंत जाता येतं. आसोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर. मोठं माणूस सोबत हवं, एवढंच.

ऊन चढल्यावर छपराखालची ठिकाणं. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाईंचं संग्रहालय आहे, तिथे त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत. विद्यापीठाला नाव दिलेली ही बाई शाळेत गेली नव्हती, हे त्या वस्तूंसमोर उभं राहून मुलांना सांगण्यात वेगळीच गंमत आहे. जैन हिल्सवर २०१२ मध्ये सुरू झालेलं गांधीतीर्थ आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाचं संग्रहालय आणि समर्थ वाग्देवता मंदिरातली जुनी हस्तलिखितं. बोटभर अक्षरात एवढं कोणी लिहिलं असेल, असं मुलं विचारतातच. निघण्याआधी उघडण्याची वेळ आणि सुट्टीचा वार मात्र फोन करून विचारून घ्या, नाहीतर उन्हात बंद दारासमोर उभं राहायची पाळी.

माझं सगळ्यात लाडकं ठिकाण चाळीसगावचं. रेल्वे स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे. हा फोटोग्राफर १९८९ मध्ये गेला. जवळजवळ पन्नास वर्षं तो घराबाहेर फारसा पडलाच नाही, असं सांगतात. घरातल्या टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून त्यानं डोंगराचे, बर्फाचे देखावे उभे केले आणि त्यांचे फोटो काढले. ते बघून आल्यावर आमच्या घरी आठवडाभर दुपारी दुसरं काही चाललं नाही. मीठ म्हणजे बर्फ, झाडूच्या काड्या म्हणजे जंगल, फुटका आरसा म्हणजे तलाव. फोटो माझ्याच मोबाइलवर. मोबाइल द्यायचा नाही, द्यायचा नाही म्हणून आपण घसा कोरडा करतो. त्यापेक्षा हे बरं.

भाड्याचं म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, त्याहून लहानांना काहीच नाही. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या असतील तर त्याही फुकट. म्हणजे दोन मुलांना घेऊन आई निघाली तर तिघांचं मिळून दीड तिकीट. पूर्ण तिकीट फक्त बाबांना! जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं, तरीही हे परवडतं. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी असती तर मी तिचंही नाव घेतलं असतं. मुलांना सहलीची सहल आणि गाडीची गाडी. ती २०२० मध्ये थांबली ती थांबलीच.

आता एक गोष्ट जरा स्पष्टच बोलते. सुट्टीची मजा घरात सारखी वाटली जाते का? आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे बिबड्या, कुरडया, पापड. पहाटे चारला उठून घाटा शिजवायचा, गच्चीवर घालायच्या, दुपारी उलथवायच्या. लेकरांना वाटीभर गरम घाटा तेल घालून मिळतो, ती मजाच असते. मला स्वतःला अजून आवडतो. पण घाटा खाऊन मुलगा बॅट घेऊन पळतो आणि बारा वर्षांची मुलगी कावळे हाकत गच्चीवर बसते. संध्याकाळी सहानंतरचा तुकडाही तिचा नाही, कारण तेव्हा अंधार पडत आलेला असतो आणि स्वयंपाकाची वेळ झालेली असते. दुपार उन्हानं नेली, उरलेलं घरानं नेलं. आखाजीचे झोके, गौराईची गाणी हे आपल्या बायकांनी मुलींसाठी राखून ठेवलेले दिवस होते. त्या दिवसांत मुलीला कोणी काम सांगायचं नाही. आता झोका बांधायला निंबाचं झाड रस्ता रुंदीकरणात गेलं आणि सुट्टी परीक्षेत गेली. निदान पापडाचं काम मुलालाही द्या. त्याला जमतं, मी पाहिलंय. पोळपाटावर तोही गोल लाटतो, आणि दोघं असले की काम नऊच्या आत उरकतं.

मुलांचंही एक दुखणं आहेच. दर उन्हाळ्यात विहिरीत, बंधाऱ्यात, तापी-गिरणेच्या डोहात पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. उकाडा असह्य होतो आणि पाणी दिसतं, म्हणून ती उतरतात. 'पाण्याकडे जाऊ नको' एवढं सांगून भागत नाही. जिथे पोहण्याचा तलाव चालू आहे तिथे शिबिराऐवजी त्याची फी भरा, मुलगा आणि मुलगी दोघांची. गावात तलाव नसेल तर पोहता येणारा मामा किंवा काका सोबत असल्याशिवाय मुलांना पाण्याला पाठवायचं नाही, यात तडजोड नको.

राहिली सावली. प्रत्येक गावात एक इमारत अशी असते की तिथे छप्पर आहे, पंखे आहेत, पाणी आहे, गोष्टींची पुस्तकं आहेत आणि ती मे महिनाभर कुलूपबंद असते. आपली शाळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जिल्हा परिषद, पालिका आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. म्हणजे तुम्ही-आम्हीच. आपल्याला सह्या करायला बोलावतात, तेवढ्यापुरतं जाऊन येतो. मार्चच्या बैठकीत एक विषय मांडून बघा : सुट्टीत रोज सकाळी आठ ते अकरा एक वर्ग आणि पुस्तकांचं कपाट उघडं ठेवायचं, आयांनी पाळीपाळीनं बसायचं. शिक्षकांना सुट्टीत बोलवायची गरज नाही. वीस आया असल्या तर एकीची पाळी तीन आठवड्यांतून एकदा येते. आणि किल्ली कोणाकडे राहणार हे त्याच बैठकीत लिहून घ्या.