रोहिणीच्या काठावरचा 'देशद्रोही' आणि आजचे विद्यापीठ



१२ मे २०२५. बुद्ध पौर्णिमा. कसालच्या आमच्या वाडीत सायंकाळी वंदना झाली, खीर वाटून झाली आणि आठ वाजता पोरे मोबाइलभोवती जमली. दोनच दिवसांपूर्वी शस्त्रसंधी झाली होती आणि पंतप्रधान देशाला उद्देशून बोलत होते. भाषणात बुद्धाचेही नाव आले. शांतीचा मार्गही शक्तीतूनच जातो, असे सांगण्यात आले. भाषण संपल्यावर बारावी झालेल्या एका मुलाने मला विचारले, "दादा, मगे आपण खयच्या बाजूक?"

त्या रात्री मला त्याला धड उत्तर देता आले नाही. आज देतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे कोणी माझ्या तोंडी भलतेच घालणार नाही. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ निरपराध माणसे मारली गेली. त्यांत डोंबिवली, पुणे, पनवेलची आपली सहा माणसे होती. मारणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिंह सेनापती तथागतांना हेच विचारतो, की अपराध्याला शिक्षा करू नये असे आपण सांगता काय? तथागत तसे म्हणत नाहीत. जो शिक्षेस पात्र आहे त्याला शिक्षा व्हावी, आणि शांततेचे सर्व उपाय थकल्यावर न्यायासाठी लढावे लागले तर लढणारा दोषी नाही, असे ते सांगतात. त्यामुळे आमच्यावर भाबड्या अहिंसेचा आरोप करू नका.

माझा प्रश्न वेगळा आहे. सीमेवरची लढाई चार दिवसांत थांबली. घरात जी लढाई सुरू झाली, ती कोणाविरुद्ध होती?

विद्यापीठापासून सुरुवात करू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने ७ मेला समाजमाध्यमावर दुसऱ्याची एक पोस्ट पुढे पाठवली. टीका होताच ती काढून टाकली आणि माफीही मागितली. तरी ९ मेला महाविद्यालयाने तिचे म्हणणे न ऐकताच तिला काढून टाकले. त्याच दिवशी पोलिसांनी तिला अटक केली. परीक्षेच्या दिवसांत मुलगी तुरुंगात होती. शेवटी २७ मेला मुंबई उच्च न्यायालयाने सरकार आणि महाविद्यालय दोघांनाही खडसावले, तिला जामीन दिला आणि परीक्षेला बसण्याची वाट मोकळी केली. ज्या माउलीने शेणाचे गोळे झेलून मुलींना शिकवले, तिच्या नावाच्या विद्यापीठाच्या छायेत हे घडले!

१८ मेला सोनीपतच्या अशोका विद्यापीठातील प्राध्यापक अली खान महमूदाबाद यांना अटक झाली. त्यांनी लिहिले काय होते? कर्नल सोफिया कुरेशी यांचे कौतुक करणाऱ्यांनी झुंडबळी आणि बुलडोझर यांचे बळी ठरलेल्यांसाठीही आवाज उठवावा, असे. याच काळात आयआयटी मुंबईने तुर्कस्तानातील विद्यापीठांशी असलेले करार स्थगित केले. देशभर सीएच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. परीक्षा आठवडाभराने होतात, करारही पुन्हा होतील. पण वर्गात बोलण्याआधी जो प्राध्यापक दाराकडे बघू लागतो, त्याच्या मनातली भीती कोणत्या तारखेला संपणार?

आता समाजाकडे या. त्यासाठी कसालच्या तिठ्यावरून मालवणच्या रस्त्याला लागले की पुरे. २३ फेब्रुवारी २०२५ ला दुबईत भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना झाला. युद्ध नव्हते, नुसता सामना होता. त्या वेळी देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप मालवणमधल्या एका भंगारवाल्याच्या कुटुंबावर झाला. आरोप सिद्ध होण्याआधीच, दुसऱ्या दिवशी, नगरपरिषदेने त्यांचे दुकान पाडले. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्या. भूषण गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय पाडकाम नको, असे बजावले होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये या प्रकरणी नोटीस काढली. पण दुकान तर पडलेच! युद्धाचा ज्वर आधी असा चढतो. तोफ पुढे कधीतरी येते, भंगारवाला आधी चिरडला जातो.

आणि परदेशातली प्रतिमा? मे महिन्यात सरकारने सर्वपक्षीय खासदारांची सात शिष्टमंडळे जगभर पाठवली. श्रीकांत शिंदे आणि सुप्रिया सुळे या आपल्या राज्यातल्या खासदारांनी त्यांतल्या दोहोंचे नेतृत्व केले. भारत एकसंध लोकशाही आहे, हे जगाला पटवायचे होते. पहिली शिष्टमंडळे २१ मेला निघाली. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात एका प्राध्यापकाच्या अंतरिम जामिनाची सुनावणी सुरू होती आणि पुण्याची ती विद्यार्थिनी अजून कोठडीत होती. परदेशातले लोक आपल्या खासदारांची भाषणे ऐकतात, तशा आपल्या बातम्याही वाचतात. विरोधी पक्षाचा खासदार परदेशात देशाची बाजू मांडतो, हे आपल्या लोकशाहीचे बळ आहे. तेच बळ घरात एका मुलीच्या पोस्टला घाबरत असेल, तर जगाने कशावर विश्वास ठेवायचा?

यावर ठरलेले उत्तर येते, की ही वेळ प्रश्न विचारण्याची नाही. मग बाबासाहेबांना काय म्हणाल? १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी हिशेबच मांडला होता. देशाच्या वार्षिक ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात आणि हे आपल्या परराष्ट्र धोरणाचे फळ आहे, असे ते म्हणाले. फाळणीला चार वर्षे झाली होती, काश्मीरचा प्रश्न पेटलेला होता. त्यांनी विचारलेच ना? आणि विचारणारा माणूस सैन्यद्वेष्टा नव्हता. महायुद्धाच्या काळात संरक्षण सल्लागार समितीवर बसून महार पलटणीसाठी आग्रह धरणारा होता. १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, ती त्याच काळात.

म्हणून आपल्या तरुणांनाही दोन शब्द सुनावतो. भीमा-कोरेगावचा अभिमान मलाही आहे. पण मे महिन्यात आपल्याच ग्रुपांवर युद्धाची रिले फिरत होती आणि पुण्याच्या मुलीला शिव्या देणाऱ्यांत आपलीही पोरे होती. आपला इतिहास नीट वाचा. गरज संपल्यावर इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. तेव्हा आपल्या कोकणातलेच निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांना अर्ज लिहावा लागला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १११ महार पलटण उभारली गेली. युद्ध सरताच तीही मोडली. युद्धात आपले रक्त चालले, शांततेत आपली सावली चालली नाही. ज्यांच्या बापजाद्यांनी ही किंमत मोजली, त्यांनी दुसऱ्याकडे देशभक्तीचे प्रमाणपत्र मागत फिरावे काय?

आता त्या मुलाचे उत्तर. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडले. शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. तरुण सिद्धार्थ उभा राहिला. दोन माणसे आपण निवडू, दोन ते निवडतील, चौघे मिळून पाचवा ठरवतील आणि हे पाच जण तंटा सोडवतील, असे त्याने सुचवले. ठराव प्रचंड बहुमताने त्याच्याविरुद्ध गेला. शस्त्र धरायला नकार दिल्यावर त्याला धमकी मिळाली, ती कुटुंबावर सामाजिक बहिष्काराची आणि शेती जप्त करण्याची. ते वाचताना मला महाविद्यालयातून काढलेली मुलगी आणि मालवणचे पडलेले दुकान आठवते. शिक्षा अडीच हजार वर्षांत फारशी बदललेली नाही. सिद्धार्थाने कुटुंबाला वाचवण्यासाठी परिव्रज्या पत्करली. आणि पुढे शाक्य व कोलीय यांच्यात समेट झाला! बाबासाहेबांनी गृहत्यागाची ही कथा मुद्दाम सांगितली. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून विरक्त झालेला राजपुत्र त्यांना पटला नाही. भरसभेत युद्धाला नकार देणारा नागरिक त्यांनी आपल्यापुढे ठेवला.

तेव्हा आपण त्या सभेत उभे राहिलेल्या माणसाच्या बाजूचे. पुढच्या वेळी सायरन वाजेल, तेव्हा तीन गोष्टी करा. खात्री नसलेला एकही व्हिडिओ पुढे ढकलू नका. आपल्या ओळखीचा विद्यार्थी पोस्टपायी अडचणीत आला, तर त्याचे मत पटो न पटो, त्याच्यासाठी वकील शोधा आणि त्याची परीक्षा बुडू देऊ नका. आणि विहारात रोहिणीचे ते प्रकरण मोठ्याने वाचा, त्यावर मुलांना भांडू द्या. बहुमताविरुद्ध बोललेला एक तरुण पचवता आला नाही, म्हणून शाक्यांनी बुद्ध गमावला होता. आपल्याला आपली मुले गमवायची नाहीत.

जय भीम! नमो बुद्धाय!