अनोळखी शेजाऱ्यांची रहस्यकथा

ठाण्याचे बाळकुम मागे टाकून कशेळीचा पूल ओलांडला म्हणजे भिवंडीच्या रस्त्यावर जे काल्हेर लागते, त्याचा कारभार आजही ग्रामपंचायतीकडे आहे. परंतु ज्या खाचरांत आगरी कुटुंबांनी पिढ्यानुपिढ्या भात पिकवले, त्या खाचरांवर आता गोदामांचे गाळे आणि बहुमजली गृहसंकुले उभी आहेत, आणि रस्त्याच्या मध्यावर ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब आले आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवता यावा म्हणून या पंचक्रोशीत वखारी वाढल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, वखारी मात्र वाढतच राहिल्या. त्यांच्या पाठोपाठ उत्तर प्रदेश-बिहारकडील हमाल आले, परराज्यांतील ट्रकचालक आले, मुंबई-ठाण्यात घर परवडेनासे झालेली नोकरदार कुटुंबे कर्जाचे हप्ते मानगुटीवर घेऊन आली. एकाच जिन्याने चढणाऱ्या आणि एकाच रिक्षात गुडघ्याला गुडघा लावून बसणाऱ्या या माणसांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतात.

परस्परांना सर्वथा अपरिचित असलेल्या माणसांची आयुष्ये अकस्मात एकमेकांवर आदळतात आणि त्या आघाताने प्रत्येकाच्या अंतःकरणातील दडपलेले काहीतरी उघडे पडते, हा ज्या कादंबरीचा विषय, ती मानसशास्त्रीय रहस्यकादंबरी मराठीत काल्हेरसारख्या भूमीतून निर्माण व्हावयास हवी, आणि आपल्या संपादकांनी व समीक्षकांनी तिला गंभीर वाङ्मयाच्या पंक्तीत मानाचे पान मांडावयास हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रहस्यकथेची परंपरा मराठीला नवी नाही. गो. ना. दातारांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी वेष देऊन वाचकांच्या एका पिढीला रात्र रात्र जागविले. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून झुंजार आणि काळापहाड या आपल्या नायकांची नावे घरोघरी पोहोचविली, आणि ज्या कष्टकरी वाचकाकडे प्रतिष्ठित साहित्याने फारसे लक्ष दिले नव्हते, त्याच्या हाती पुस्तक दिले. पुढे नारायण धारपांनी भयाला आणि रत्नाकर मतकरींनी गूढाला मनोविश्लेषणाची खोली दिली. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाने अशा लेखनाला हक्काचे घर दिले. ही कामगिरी मोठी आहे. तथापि या परंपरेतील पुष्कळशी पात्रे वाड्यात, बंगल्यात, एका कुटुंबात वा एका मित्रमंडळात वावरतात. वारसा, जुने वैर, फसलेले प्रेम हे गुन्ह्याचे मूळ असते, आणि रहस्य उकलते ते कोणाचे कोणाशी काय नाते होते, हे कळल्यावर.

जेथे नातेच नाही, तेथे काय करावयाचे? १९५० साली पॅट्रिशिया हायस्मिथ या अमेरिकन लेखिकेने ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ या आपल्या पहिल्याच कादंबरीत हा प्रश्न हाती घेतला. आगगाडीत भेटलेल्या दोन अनोळखी प्रवाशांपैकी एक दुसऱ्यास सुचवितो, की तुझ्या पत्नीचा खून मी करतो, माझ्या वडिलांचा तू कर. हत्या करणाऱ्याचा मृताशी काडीचाही संबंध नसल्यामुळे पोलिसांस हेतूच सापडणार नाही. दिग्दर्शक हिचकॉकने पुढच्याच वर्षी त्यावर चित्रपट काढला. परंतु चित्रपटातील नायक दुसरा खून करीत नाही आणि कादंबरीतला करतो, या एका फरकात कादंबरीचे सारे सामर्थ्य आहे. सुशिक्षित, सौम्य, व्यवसायाने वास्तुविशारद असलेला एक मनुष्य पायरीपायरीने खुनापर्यंत कसा जातो, हे वाचताना वाचकाला भय वाटते ते त्या परक्याचे नव्हे. तशा कोंडीत आपण सापडलो असतो तर काय केले असते, या विचाराचे ते भय असते.

आता हेच बीज काल्हेरच्या मातीत टाकून पाहा. वडिलांचे शेत बिल्डरला देऊन गाळ्यांच्या भाड्यावर जगणारा एक तरुण. रात्रपाळीवरून परतणारी, घरच्यांना नोकरी सुटल्याचे न सांगितलेली एक विवाहिता. गावी बहिणीचे लग्न ठरलेले असताना मुकादमाकडे मजुरी थकलेला एक हमाल. कशेळीच्या पुलावर वाहने खोळंबलेली, रिक्षात हे तिघे, आणि उतरताना एकाची पिशवी दुसऱ्याच्या हाती जाते. पिशवीत काय आहे, हा प्रश्न लेखक पहिल्या प्रकरणातच संपवून टाकू शकतो. खरे रहस्य त्यानंतर सुरू होते, कारण पिशवी परत करावी की न करावी, याचा निवाडा प्रत्येकाला आपल्या अभावाच्या आणि भीतीच्या साक्षीने करावा लागणार आहे. पोलिसांत फिर्याद होईल, पंचनामा होईल, जबान्या घेतल्या जातील; परंतु भाडेकरारावरील पत्ता जुना, मोबाइल दुसऱ्याच्या नावावर, आणि शेजाऱ्याला माहिती विचारावी तर त्याने त्या दाराकडे कधी पाहिलेलेही नाही. अशा ठिकाणी डिटेक्टिव्हचे काहीच चालत नाही. शोध घ्यावयाचा तो लेखकाने, आणि तो माणसाच्या मनाचा.

एक धोका मात्र येथे बजावून सांगितला पाहिजे. अनोळखी माणसाच्या भयावर कथा उभारताना त्या भयालाच प्रमाण मानण्याचा मोह लेखकाला होतो, आणि परप्रांतीय हमाल किंवा परधर्मी शेजारी विनासायास खलपुरुष होऊन बसतो. भिवंडीच्या परिसरात लिहिणाऱ्याने हे पाप करता कामा नये. मे १९७० मध्ये भिवंडी शहरात हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला, आणि १९८४ च्या मे महिन्यात तेच अरिष्ट पुन्हा आले. संशयाने मनुष्य काय करून बसतो, हे या भूमीने दोनदा पाहिले आहे. म्हणून तपासणी व्हावयाची ती संशयिताची नव्हे, तर संशय घेणाऱ्याच्या मनाची. अशी कादंबरी कोणत्याही पोलीस तपासाहून अधिक उत्कंठावर्धक होऊ शकते, कारण तिच्यातील आरोपी वाचकाच्या अगदी निकट बसलेला असतो.

मराठी समीक्षेने रहस्यकथेला करमणुकीच्या खात्यात नोंदवून मोकळे होण्याची सवय फार दिवस जोपासली. या सवयीने लेखकांचे नुकसान झाले, आणि ग्रंथालयांत जी पुस्तके हाताळून हाताळून फाटली, त्यांच्यावर दोन गंभीर परिच्छेद लिहावेत असे कोणाला वाटले नाही, हे वाचकांचेही नुकसान झाले. महानगराच्या कडेला वाढणाऱ्या वस्त्यांतील जीवन ग्रामीण कादंबरीच्या चौकटीत मावत नाही, चाळीच्या कथेतही मावत नाही. कोण कोणाचा हेच जेथे अनिश्चित, तेथे रहस्यकादंबरी हाच वास्तववादाचा समर्थ मार्ग आहे. दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे, की येत्या वर्षी त्यांनी काल्हेर, पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा या पट्ट्यात राहणाऱ्या तरुण लेखकांकडून अशी एक दीर्घकथा आग्रहाने लिहवून घ्यावी, तिला अंकातील पहिले स्थान द्यावे, आणि मानधनही प्रथितयश कादंबरीकाराला देतात तेवढेच द्यावे.