एकवीस धावांचे मोल



शाळेच्या वार्षिक अंकात पारितोषिके मिळविणाऱ्यांची नावे ठळक अक्षरांत छापली जातात, आणि ते उचितच आहे. परंतु ज्याचे नाव कोणत्याच यादीत येत नाही, अशा खेळाडूविषयी आज चार शब्द लिहावेसे वाटतात.

सांगलीस एका शिक्षकाच्या घरी १९१५ साली विजय हजारे यांचा जन्म झाला. घर ख्रिस्ती, मुले आठ, आणि मिळकत शिक्षकाची. या घराने देशाला एक थोर क्रिकेटपटू दिला, हे सर्वश्रुत आहे; परंतु त्यांचे बंधू विवेक हेही चांगल्या दर्जाचे खेळाडू होते, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. पुढे विजय यांचे चिरंजीव रणजित हेही तोच खेळ खेळले.

१९४३ च्या डिसेंबरात मुंबईस पंचरंगी सामन्यांचा अंतिम सामना झाला. त्या काळी संघ धर्मावरून पडत. हजारे बंधू ‘इतर’ नावाच्या संघात होते. हिंदू संघाने ५८१ धावा केल्या. ‘इतरां’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला आणि दुसऱ्या डावात ६० धावांत पाच गडी तंबूत परतले. तेव्हा विवेक विजय यांच्या साथीस आले. दोघांनी मिळून ३०० धावांची भर घातली. त्यांत विवेक यांच्या धावा अवघ्या २१! संघाच्या एकूण ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय यांच्या. सामना ‘इतर’ हरले; तथापि तो डाव अजरामर झाला.

आता मी विचारतो की, त्या २१ धावांचे मोल काय? हिशेबाच्या वहीत ते अल्प आहे. परंतु समोरच्या टोकास भाऊ पाय रोवून उभा राहिला नसता, तर त्या ३०९ धावा कोठून झाल्या असत्या? स्वतःस टाळ्या मिळणार नाहीत हे जाणूनही आपले टोक सांभाळणे, हा गुण मला शतकाहून उणा वाटत नाही. तो बहुधा घरच्या अंगणातच शिकावा लागतो. कारण तेथे फळी एक, चेंडू एक आणि भावंडे अनेक असतात.

कोणी म्हणेल, एका गोष्टीत पारंगत व्हावे. सर्व थोडेथोडे करणारा कोठलाच राहत नाही. विजय हजारे यांचे उदाहरण याच्या उलट आहे. १९४८ साली अॅडलेड येथील कसोटीत त्यांनी ११६ व १४५ अशी दोन्ही डावांत शतके केली, आणि त्याच सामन्यात ब्रॅडमन यांचा त्रिफळाही उडविला. १९५२ साली मद्रासेस भारताने पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधारही तेच होते. फलंदाज, गोलंदाज आणि नायक ही तिन्ही कामे एकाच शांत स्वभावाच्या माणसाने केली.

आपल्या येरमाळ्याच्या परिसरात या गोष्टीचा काय उपयोग, असे पालक विचारतील. बालाघाटाच्या या कोरडवाहू मुलखातून दर वर्षी कित्येक कुटुंबे ऊसतोडीस जातात, आणि मागे राहिलेली थोरली बहीण धाकट्यांचा सांभाळ करते. तीही त्या घराचे टोक सांभाळूनच उभी असते. तिचे नाव कोणत्या अंकात छापले जाते? मैदानावर भाऊ जातो. ती कडेवर मूल घेऊन दुरून पाहते. माझे स्पष्ट मत आहे की, हा अन्याय आहे, आणि तो दूर करणे पालकांच्या हाती आहे.

त्यास पैसा फारसा लागत नाही. सॉफ्टबॉल हा खेळ १८८७ साली शिकागो शहरी एका दालनात जन्मला. तेव्हा मुष्टियुद्धाचा हातमोजा हाच चेंडू होता आणि झाडूचा दांडा हीच फळी. या खेळात प्रत्येकास फटकावावे लागते, धावावे लागते आणि चेंडू अडवावाही लागतो. कोणालाही नुसते उभे राहता येत नाही. आज आपल्या महाराष्ट्रात मुलीही तो खेळतात. मग अंगणातल्या डावात बहिणीस आपली पाळी का मिळू नये?

पालकहो, सायंकाळी अर्धा तास धाकट्यास आपण सांभाळा आणि तिच्या हाती चेंडू द्या. विद्यार्थ्यांनो, तुमच्या ३०९ धावांचे कौतुक होईल त्या दिवशी समोरच्या टोकास कोण उभे होते, हे विसरू नका. त्याचे, अथवा तिचे, नाव प्रथम घ्या.