चुकीच्या खात्यावरची नोंद



परवा आमच्या पर्वत पाटियात एका बारशाला गेलो होतो. पाळणा हलत होता आणि मागे एक बाई दुसरीच्या कानात सांगत होती, "टेस्ट ट्यूबचं आहे म्हणे. हिच्यात दोष होता." हिच्यात? कुणी तपासलं?

बँकेत आयुष्य गेलं. एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावे पडलेली दिसली की मला अजून चैन पडत नाही.

आमच्या आक्काला लग्नानंतर आठ वर्षं मूल नव्हतं. उपास, नवस, सप्तशृंगीच्या पायऱ्या, सगळं तिनेच केलं. मग मेव्हण्यांनी दुसरी केली. तिलाही मूल झालं नाही. तरी मेव्हण्यांना दवाखान्यात जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही, माझीसुद्धा नाही. खरं तर पुरुषाची तपासणी तेव्हाही होत होती, आणि बाईच्या तपासणीपेक्षा कितीतरी सोपी.

या विद्येच्या इतिहासातही एक नोंद अशीच चुकली होती. इंग्लंडमध्ये जुलै १९७८ ला जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. सव्वादोन महिन्यांत, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी तेच करून दाखवलं. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, पुढे बदली केली ती डोळ्यांच्या विभागात! १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. मग ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या के.ई.एम.मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून बाळ जन्मलं आणि भारतातलं पहिलं म्हणून गाजलं. पण १९९७ मध्ये आनंद कुमारांनी मुखर्जींचे कागद वाचले आणि स्वतःच लिहून जाहीर केलं की पहिला मान मुखर्जींचा. आपल्या नावावरचं श्रेय असं कोण सोडतो हो?

घरात मात्र कुणी नोंद दुरुस्त करत नाही. १९९२ पासून एकच शुक्राणू सुईने बीजात सोडायची इक्सी पद्धत आली, ती मुख्यतः पुरुषाकडच्या अडचणीसाठी. पण तिथेही पोटात इंजेक्शनं घेते बायको, भूल घेऊन बीजं काढून देते बायको, आणि बारशात बोलणीही तिलाच.

माझं म्हणणं एवढंच: तपासणी दोघांची, आणि तीही पहिल्याच खेपेला. अडचण नवऱ्याची निघाली तर ती आपल्या आईला नवऱ्यानेच सांगावी. त्या दिवशी बाळाचा बाप दोन पावलांवर पेढे वाटत उभा होता. त्याने ऐकलं, आणि पुढच्या रांगेकडे वळला.