विश्लेषण : कडक उन्हाळा, म्हणून इंजिन ऑइलही जाड? गाडीसाठी योग्य तेल ठरवायचे कसे?

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो, ‘साहेब, साधे ऑइल टाकायचे की सिंथेटिक?’ मागोमाग सल्लाही मिळतो, ‘आपल्याकडे ऊन फार. थोडे जाडच टाकू, इंजिन शांत चालेल.’ गाडीमालक मान डोलावतो, बिल भरतो आणि निघतो. इंजिनात कोणत्या ग्रेडचे तेल पडले हे त्याला ठाऊक नसते, बऱ्याचदा ते बिलावरही लिहिलेले नसते. लाखो रुपयांच्या वस्तूबाबतचा निर्णय असा दोन वाक्यांत उरकला जातो. वास्तविक हा निर्णय इंजिन तयार होतानाच झालेला असतो आणि ग्लव्ह बॉक्समधील मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. तो वाचायचा कसा आणि काउंटरवर त्यावर ठाम का राहायचे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

डब्यावरचे ‘५डब्ल्यू-३०’ काय सांगते?

हा आकडा तेलाचा दर्जा सांगत नाही. तो तेलाचा दाटपणा, म्हणजेच व्हिस्कॉसिटी सांगतो. ‘एसएई’ या अमेरिकेतील अभियंत्यांच्या संस्थेने हे वर्गीकरण केले आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत सहज वाहते. ५डब्ल्यू तेलाची इंजिन फिरण्याची चाचणी उणे ३० अंश सेल्सियसला होते, १५डब्ल्यू तेलाची उणे २० अंशांना. दुसरा आकडा १०० अंशांवरील दाटपणाचा. त्या तापमानाला ‘२०’ ग्रेडचे तेल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्स, ‘३०’ ग्रेडचे ९.३ ते १२.५ आणि ‘४०’ ग्रेडचे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या मर्यादेत असावे लागते. म्हणजे ५डब्ल्यू-३० ऐवजी १५डब्ल्यू-४० घातले, तर तेल इंजिन थंड असतानाही वेगळे वागते आणि तापल्यावरही.

मग विदर्भाच्या उन्हात जाड तेल नको का?

सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. दुसरा आकडा १०० अंशांवर मोजला जातो, कारण चालत्या इंजिनातील तेल साधारण त्याच तापमानाला असते. थर्मोस्टॅट आणि रेडिएटरची यंत्रणा इंजिनाचे तापमान ठरावीक पट्ट्यात राखते. गाडी नागपुरात असो वा महाबळेश्वरला, तापलेल्या इंजिनातील तेल ९० ते ११० अंशांच्या आसपासच असते. बाहेरचे तापमान दहा-पंधरा अंशांनी वाढल्याने त्या तेलाला तेवढा फरक पडत नाही.

उलट बाजूने पाहिले, तर चित्र आणखी स्पष्ट होते. सर्वसाधारण ५डब्ल्यू-३० तेलाचा दाटपणा ४० अंशांना ६० सेंटिस्टोक्सच्या आसपास असतो आणि १०० अंशांना १० ते ११. म्हणजे मे महिन्यात नागपुरात पारा ४५ वर असतानाही उभ्या गाडीतील तेल चालत्या इंजिनातील तेलापेक्षा चार-पाच पट दाट असते. इंजिनाच्या दृष्टीने नागपूरचा मे महिनाही थंडच! रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना तेल खालच्या संपमधून वर कॅमशाफ्टपर्यंत पोहोचायला क्षणभर लागतो, तोवर धातूच्या भागांना पुरेसे वंगण नसते. तेल मुळातच जाड निवडले, तर हा क्षण लांबतो. त्यामुळे ‘डब्ल्यू’आधीचा आकडा फक्त काश्मीरसाठी आहे, असे समजण्याचे कारण नाही.

काही मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार एकाहून अधिक ग्रेडचा तक्ता दिलेला असतो. भरलेली गाडी घेऊन सतत घाट चढणाऱ्यांनी किंवा कायम कडक उन्हात गाडी चालवणाऱ्यांनी त्या तक्त्यातील जाड ग्रेड जरूर निवडावी. मात्र तक्त्याबाहेर जाऊ नये.

पातळ तेल ही निव्वळ मायलेजची चलाखी आहे का?

हा आक्षेप अगदीच खोटा नाही. इंधन कार्यक्षमतेचे ‘कॅफे’ निकष भारतात २०१७-१८ पासून लागू झाले आणि २०२२-२३ पासून ते अधिक कडक झाले. पातळ तेलामुळे इंजिनाची ताकद घर्षणात कमी वाया जाते, म्हणून कंपन्यांना ते हवे असते. पण कंपन्या जुन्याच इंजिनात पातळ तेल ओतत नाहीत. बेअरिंगमधील मायक्रॉनमध्ये मोजली जाणारी फट, ऑइल पंपाची क्षमता आणि तेलाचे मार्ग त्या दाटपणाला धरूनच आखलेले असतात. व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ बदलणारी यंत्रणा अनेक इंजिनांत तेलाच्या दाबावरच चालते. तेल जाड असेल, तर तिचा प्रतिसाद मंदावू शकतो.

जाड तेलाने इंजिनाचा आवाज थोडा दबतो, हे खरे. आवाज कमी म्हणजे झीज कमी, हे मात्र खरे नाही. मेकॅनिकचा सल्ला वाईट हेतूने दिलेला असतो, असेही नव्हे. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० तेलावर चालणाऱ्या इंजिनांच्या काळात तो योग्यच होता. इंजिने बदलली, सल्ला तोच राहिला. शिवाय छोट्या गॅरेजला दहा ग्रेडचे डबे ठेवणे परवडत नाही. जे तेल शिल्लक असते, तेच ‘तुमच्या गाडीला चालते’ ठरते. उलटी चूकही तितकीच महागात पडते. जाड तेलासाठी बनवलेल्या जुन्या इंजिनात ‘आधुनिक’ म्हणून ०डब्ल्यू-२० घातले, तर मोठ्या फटींमध्ये तेलाचा थर टिकत नाही आणि दाब घसरतो.

आकडा जुळला की काम झाले का?

नाही. दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० असले, तरी आतले तेल वेगळे असू शकते. युरोपातील ‘एसीईए’च्या मानकांत १५० अंशांवर तेल प्रचंड वेगाने घासले जात असताना त्याचा दाटपणा किती टिकतो, याची वेगळी मोजणी होते. काही इंजिनांना या कसोटीत किमान ३.५ आकड्याचे तेल लागते, काहींना त्याहून कमी. डब्याच्या दर्शनी बाजूला दोन्हींवर ५डब्ल्यू-३० एवढेच ठळक असते. फरक मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत असतो.

पेट्रोल गाड्यांसाठी ‘एपीआय’ची अक्षरे पाहावीत. ‘एसएन’ श्रेणी २०१० मध्ये आली, ‘एसपी’ मे २०२० मध्ये आणि ‘एसक्यू’ २०२५ मध्ये. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात कमी वेगावर ठिणगीआधीच इंधन पेटण्याचा धोका असतो आणि त्यात पिस्टन फुटू शकतो. तेलातील कॅल्शियमयुक्त घटकांमुळे हा धोका वाढतो, असे आढळले. ‘एसपी’ श्रेणीत त्याविरुद्धची चाचणी आली. टर्बो पेट्रोल गाडीचा मालक स्वस्तातला जुन्या श्रेणीचा डबा घेतो, तेव्हा नेमके हेच संरक्षण सोडून देतो.

डिझेल गाड्यांत प्रश्न आणखी गंभीर आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ आला. काजळी त्यात जळून जाते. तेलातील धातूयुक्त घटकांची राख मात्र जळत नाही, साचत राहते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे तेल लागते. ‘एसीईए’च्या ‘सी’ वर्गातील तेले अशीच असतात. अशा गाडीत जुन्या पद्धतीचे डिझेल तेल वर्षानुवर्षे पडत राहिले, तर इंजिनाला काही जाणवणार नाही, पण फिल्टर वेळेआधी तुंबेल. त्याचा खर्च तेलात वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट असतो.

‘फुली सिंथेटिक’ म्हणजे हमखास उत्तम?

या शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो. अमेरिकेत १९९९ मध्ये मोबिलने कॅस्ट्रॉलच्या जाहिरातींविरुद्ध तक्रार केली होती. खनिज तेलावर खोलवर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेल्या तेलाला ‘सिंथेटिक’ म्हणता येईल का, हा वाद होता. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा कौल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला आणि अशा तेलालाही सिंथेटिक म्हणण्याचा मार्ग मोकळा झाला. जर्मनीत मात्र ‘पूर्ण सिंथेटिक’ हा शब्द अधिक काटेकोरपणे वापरला जातो. म्हणजे डब्यावरील या शब्दावरून आत नेमके काय आहे, हे कळत नाही.

सिंथेटिक तेल उष्णतेत अधिक टिकते आणि थंडीत चांगले वाहते, यात शंका नाही. ०डब्ल्यू तेले त्याशिवाय बनवणे अवघडच. पण मॅन्युअलमधील मानक पूर्ण करणारे सेमी-सिंथेटिक तेल, मानक पूर्ण न करणाऱ्या महागड्या फुली सिंथेटिकपेक्षा केव्हाही चांगले.

तेल बदलायचे कधी?

अनेक गाड्यांसाठी ‘१० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असा नियम असतो. यातील ‘एक वर्ष’ लोक विसरतात. हिंजवडीच्या किंवा घोडबंदरच्या कोंडीत तासभर इंजिन चालते आणि किलोमीटर मात्र फारसे वाढत नाहीत. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे तेलात मिसळलेले पाणी आणि न जळलेले पेट्रोल उडून जात नाही. मॅन्युअलमध्ये अशा वापराला ‘सिव्हिअर’ म्हणतात आणि त्यासाठी कमी अंतर दिलेले असते. दुसरीकडे, तेल काळे झाले म्हणून घाईने बदलण्याचे कारण नाही. काजळी धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे आणि डिझेल गाडीत ते काही दिवसांतच काळे होते.

महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. तेल खालच्या खुणेखाली नको, तसेच वरच्या खुणेपलीकडेही नको. जास्त तेलाला फेस येतो आणि वंगण बिघडते.

उरलेले तेल बाइकमध्ये चालेल?

मोटारसायकलमध्ये तर मुळीच नाही. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. मोटारीच्या तेलातील घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे तो घसरू शकतो. त्यासाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असे लिहिलेले हवे. निघालेले काळे तेल गटारात किंवा झाडाखाली ओतू नये. वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते.

काउंटरवर काय करावे?

मॅन्युअलच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. त्यातील ग्रेड आणि मानक, दोन्ही डब्याच्या मागच्या बाजूशी ताडून पाहावीत. सीलबंद डबा समोर उघडायला सांगावा आणि रिकामा डबा ताब्यात घेऊन भोक पाडावे, म्हणजे त्यात बनावट तेल भरले जाणार नाही. ‘इंजिन फ्लश’ आणि ‘ट्रीटमेंट’च्या बाटल्या मॅन्युअलमध्ये नसतील, तर नम्रपणे नाकाराव्यात.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे, बिलावर ग्रेड आणि मानक लिहून घ्यावे. नुसते ‘इंजिन ऑइल, ३.५ लिटर’ हे पुरेसे नाही. इंजिन बिघडले आणि वॉरंटीचा वाद झाला, तर योग्य तेल घातल्याचा तोच पुरावा असतो. तो कागद मागण्याची वेळ खरे तर ग्राहकावर यायलाच नको. औषधाच्या बिलावर औषधाचे नाव लिहावे लागते, तसेच तेलाची ग्रेड लिहिणे प्रत्येक सर्व्हिस सेंटरला बंधनकारक असायला हवे. तोवर मेकॅनिकला विचारायचा प्रश्न ‘कोणते ऑइल चांगले?’ हा नाही. मॅन्युअलमधले पान दाखवून ‘हे आहे का?’ एवढेच विचारायचे आहे.