आठ कोअरचे आश्वासन

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागून अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले, की जिंतूर, सेलू, गंगाखेडकडून आलेली बापलेकांची जोडी परभणीच्या बाजारात संगणकाची चौकशी करीत हिंडताना दिसू लागते; आणि यंत्र अभ्यासापेक्षा खेळासाठी हवे आहे हे मुलाला, दुकानदाराला आणि बहुधा वडिलांनाही मनोमन ठाऊक असले, तरी त्याचा उच्चार कोणी करीत नाही. कोटेशनवर पहिली ओळ प्रोसेसरची असते आणि वडिलांचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो : “आय-सेव्हनच आहे ना?” माझे मत असे, की या पहिल्या ओळीवर हल्ली गरजेपेक्षा बराच अधिक पैसा खर्ची पडतो, आणि त्याचे कारण ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या दहा-बारा वर्षांत घडलेल्या स्थित्यंतरात आहे.

पडद्यावर झाड, भिंत, शत्रू असे जे जे उमटायचे, त्यासाठी प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डाकडे हुकूम धाडावा लागतो; जाणकार त्याला ‘ड्रॉ कॉल’ म्हणतात. डायरेक्टएक्स ११ या ग्राफिक्स सॉफ्टवेअरच्या अमदानीत ही व्यवस्था एखाद्या जुन्या तहसील कचेरीसारखी होती : कारकून आठ असले तरी शिक्का एकाच्याच ताब्यात, त्यामुळे सारे कागद त्याच्याच मेजावर तुंबत, बाकीचे पान चघळीत बसत, आणि महागडे कार्ड हुकुमाची वाट पाहत निरुद्योगी राहत असे. अशा कारभारात कारकुनांची, म्हणजे प्रोसेसरातील कोअरची, संख्या गौण, शिक्केवाल्याच्या हाताची चपळाई तेवढी महत्त्वाची. म्हणूनच थोड्या परंतु वेगवान कोअरचे प्रोसेसर त्या काळी खेळात सरस ठरत. ही कोंडी फोडण्यासाठी एएमडीने २०१३ मध्ये ‘मँटल’ जाहीर केले, मायक्रोसॉफ्टचे डायरेक्टएक्स १२ जुलै २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आले, आणि मँटलच्याच पायावर उभारलेले ‘व्हल्कन’ फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्का अनेकांच्या हाती द्यावा व मधली लिखापढी कमी करावी, हा तिन्हींचा समान हेतू.

येथवर वाचून कोणी अधिकाधिक कोअरच्या मागे धावेल, तर त्याने एफएक्स-८३५० चा इतिहास ध्यानी घ्यावा. ऑक्टोबर २०१२ मध्ये एएमडीचा हा प्रोसेसर आठ कोअर, चार गिगाहर्ट्झ आणि १२५ वॅट एवढा सरंजाम घेऊन अवतरला. आजचे खेळ आठही कोअर वापरीत नसले तरी उद्याचे वापरतील, या भरवशावर पुष्कळांनी तो घेतला, आणि मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर चढणाऱ्या आमच्या मुलखात त्या १२५ वॅटांचा ताप पंख्याच्या आवाजासह सोसला. भरवसा सर्वस्वी अनाठायी होता असेही नाही. जुलै २०१६ मध्ये ‘डूम’ या खेळाला व्हल्कनची जोड मिळाली तेव्हा जुन्या प्रोसेसरांवरचा भार खरोखरच हलका झाला. पण तोवर पावणेचार वर्षे उलटली होती, आणि पुढच्या आठच महिन्यांत त्याच कंपनीने रायझन आणून एफएक्सला निकालात काढले. त्या आठ कोअरना आठ म्हणावे की नाही, हा वादही अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये कंपनीने १ कोटी २१ लाख डॉलर मोजून तो मिटविला. सॉफ्टवेअर सुधारते, परंतु खरेदीदाराच्या सवडीने सुधारत नाही.

शिवाय ते सर्वांचे सारखे नसते. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलचे आर्क बी५८० हे कार्ड २४९ डॉलरला आले आणि समीक्षकांनी ते अतिवेगवान प्रोसेसरांसोबत तपासून मुक्तकंठाने वाखाणले. जानेवारीत तेच कार्ड रायझन ५ २६०० सारख्या जुन्या, स्वस्त प्रोसेसराशी जोडून पाहिले गेले, तेव्हा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालविणारे सॉफ्टवेअर, प्रोसेसरचा बराच वेळ स्वतःच खातो आणि काही खेळांत वेग पार ढासळतो, असे निष्पन्न झाले. स्वस्त कार्डाला साजेसा स्वस्त प्रोसेसर जोडणारा परभणीचा गिऱ्हाईक नेमका या पेचात सापडतो.

डीएलएसएस आणि एफएसआर यांनी आणखी एक गुंता केला आहे. चित्र कमी बारकाव्याने रेखाटून मग मोठे करण्याची ही युक्ती कार्डाचे श्रम वाचविते खरी, परंतु कार्ड मोकळे होताच चित्रे भराभर पुरविण्याचे ओझे प्रोसेसरावर येऊन पडते. मधली चित्रे कल्पनेने भरणारी ‘फ्रेम जनरेशन’ची करामत याच्या उलट : आकडा फुगतो, पण माउस हलविल्यावर मिळणारा प्रतिसाद तसूभरही त्वरित होत नाही. ‘व्हॅलोरंट’ खेळणाऱ्याला त्या फुगीर आकड्याचा काय उपयोग?

तेव्हा सहा कोअरचा मध्यम प्रोसेसर घ्यावा, वाचलेला पैसा कार्डाकडे वळवावा आणि सॉकेट मात्र पुढे चालेल असा पाहावा. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ अशी ख्याती असलेल्या गावात जोडणी करून घेतलेल्या यंत्राला वडीलमंडळी बिचकतात, पण तयार यंत्रात ही निवड बहुधा आपल्या हाती राहत नाही. सॉकेट पाहून घेण्याचा लाभ असा : एएम४ सॉकेटच्या २०१७ मधील अनेक मदरबोर्डांवर २०२२ चा ५८००एक्स३डी, म्हणजे ९६ मेगाबाइट कॅशचा प्रोसेसर, केवळ बायोस बदलून बसतो. बायोस बदलत असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होण्याचा संभव असतो, तेव्हा त्या कोटेशनमध्ये यूपीएसची ओळ आधी लिहून घ्यावी.